जमीन मोंटानाची, कोर्ट वायोमिंगचं
(वकीलबाईंना विचारा)

प्रश्न : जुलैमध्ये आम्ही दोन कुटुंबं यलोस्टोन नॅशनल पार्कला गेलो होतो. रात्री पत्ते खेळताना माझे मेहुणे म्हणाले, या पार्कचा एक कोपरा असा आहे की तिथे खून केला तरी खटला चालवता येत नाही. मी म्हटलं, थापा मारू नका. झालं, शंभर डॉलरची पैज लागली. कोण जिंकलं?
– एक वाचक, सिएटल

उत्तर : पैसे एवढ्यात देऊ नका. आधी माझी फजिती ऐका.

काही वर्षांपूर्वी मोंटानातल्या गार्डिनर गावाच्या दगडी कमानीखालून पार्कात शिरले आणि नदीच्या कडेने मॅमथकडे निघाले. गप्पांच्या नादात पाय जरा जड पडला असावा. मागे दिवे लुकलुकले आणि रेंजरने वेगाची पावती फाडली. चूक माझीच होती. मला वाटलं, मोंटानातल्या काउंटीच्या कोर्टात दंड भरला की झालं. पावती उलटसुलट करून पाहते तर मामला थेट फेडरल, म्हणजे केंद्राच्या, डिस्ट्रिक्ट कोर्टाचा, आणि तेही वायोमिंगच्या. गाडी थांबवली तिथून वायोमिंगची हद्द अजून पुढे होती! जन्म इमिग्रेशनच्या फाइलींत गेलेला, पार्कचा कायदा कधी उघडून पाहिला नव्हता. त्या रात्री हॉटेलात बसून वाचला.

तुमच्या पैजेचं मूळ त्या पावतीतच आहे. यलोस्टोन झालं १८७२ साली. तेव्हा ही तिन्ही राज्यं जन्मालाही आली नव्हती. मोंटाना १८८९ मध्ये राज्य झालं, आयडाहो आणि वायोमिंग १८९० मध्ये. त्यांच्या सीमा पार्काला वळसा घालून न जाता सरळ पार्कातूनच गेल्या. साधारण ९६ टक्के पार्क वायोमिंगात, ३ टक्के मोंटानात आणि जेमतेम १ टक्का आयडाहोत.

पण त्या काळी पार्कात गुन्हा केला तर शिक्षा काय, याचा धड कायदाच नव्हता. १८९४ च्या मार्चमध्ये पेलिकन खोऱ्यात बायसन मारणारा एक चोरटा शिकारी रंगेहाथ सापडला. त्याला करता काय येणार, तर पार्काबाहेर हाकलून देणं. बस. वर्तमानपत्रांत बोंब झाली आणि एरवी गोगलगायीच्या चालीने चालणाऱ्या काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, मे महिन्यात कायदा करून टाकला. पार्कावर केंद्राची एकट्याची सत्ता राहील आणि कोर्टाच्या दृष्टीने सगळा पार्क वायोमिंगच्या फेडरल कोर्ट-जिल्ह्यात धरला जाईल, असं त्यात लिहिलं. तीन राज्यांत तुकडे करण्यापेक्षा एकच कोर्ट असलेलं बरं, हा विचार शहाणपणाचाच. फक्त एक भोक बुजवताना दुसरं पडलं, ते शंभर वर्षं कुणाच्या फारसं डोळ्यावर आलं नाही.

आता राज्यघटना उघडू. मूळ घटना म्हणते, गुन्हा ज्या राज्यात घडला त्याच राज्यात खटला चालला पाहिजे. १७९१ ची सहावी घटनादुरुस्ती आणखी पुढे जाते : ज्यूरी, म्हणजे निकाल देणारी बारा सामान्य माणसं, त्या राज्याची आणि त्या कोर्ट-जिल्ह्याची हवी. यातला ‘आणि’ नीट वाचा. पार्काच्या आयडाहोतल्या पट्टीत गुन्हा घडला तर राज्य आयडाहो, जिल्हा वायोमिंग. ज्यूरर दोन्हींत बसणारे हवेत, म्हणजे त्याच पट्टीत राहणारे. ती आहे सुमारे ५० चौरस मैलांची, आणि तिथली कायम वस्ती शून्य. न्यायाधीश बॅग भरून आयडाहोत येऊन बसू शकतात, पण बारा माणसं कुठून उगवणार? आयडाहो सरकार स्वतः खटला भरील म्हणाल, तर तेही नाही, कारण पार्कात त्यांची सत्ताच चालत नाही.

हे २००५ साली लेख लिहून चव्हाट्यावर आणलं मिशिगन स्टेट विद्यापीठाचे कायद्याचे प्राध्यापक ब्रायन काल्ट यांनी. छापण्याआधी त्यांनी सरकारदरबारीही कळवलं होतं. काही हललं नाही.

म्हणजे मेहुणे जिंकले? थांबा. हा सगळा डोलारा ज्यूरीच्या हक्कावर उभा आहे, आणि तो हक्क प्रत्येक गुन्ह्याला नसतो. ज्या गुन्ह्याला जास्तीत जास्त सहा महिन्यांची कैद आहे तो न्यायाधीश एकटे निकालात काढतात. माझ्या पावतीला ज्यूरी नव्हती, तुम्ही त्या पट्टीत बेकायदा शेकोटी केलीत तर तुम्हालाही मिळणार नाही. शिवाय खून आभाळातून पडत नाही. कट दुसरीकडे शिजला असेल, माणसाला दुसरीकडून फसवून किंवा पळवून आणलं असेल, तर खटला तिथे उभा राहू शकतो. आणि मेलेल्याचे नातेवाईक भरपाईचा दिवाणी दावा लावतील तो वेगळाच. पळवाट उरते ती कुठलीही पूर्वतयारी न करता तिथल्या तिथे डोकं फिरलेल्या माणसापुरती. असा माणूस घटनादुरुस्त्या वाचून जंगलात जात असेल, असं मला तरी वाटत नाही.

पण म्हणून हे सगळं कागदीच आहे असंही नाही. २००५ च्याच डिसेंबरात पार्काच्या मोंटाना बाजूला एकाने एल्क (मोठं हरीण) मारला. खटला वायोमिंगला भरला गेला आणि त्याच्या वकिलांनी नेमका हाच मुद्दा उचलला. मोंटानाच्या तुकड्यात थोडी वस्ती आहे, तरी तेवढ्यांतून ज्यूरी जमवायची म्हणजे पंचाईतच. न्यायाधीशांनी मुद्दा फेटाळला. पुढे तडजोड होऊन त्याने गुन्हा कबूल केला, पण या मुद्द्यावर अपील करायचं नाही, ही अट घालूनच. मला हे पटलेलं नाही. सरकारी वकिलांना आपल्या बाजूची खात्री असती, तर वरच्या कोर्टाचा निकाल घेऊन विषय कायमचा मिटवता आला असता. भोकावर सतरंजी टाकून ठेवली, एवढंच. आयडाहोतला तुकडा आयडाहोच्या कोर्ट-जिल्ह्यात टाका, म्हणजे झालं : एका ओळीचं काम. खुद्द आयडाहोच्या विधिमंडळाने २०२२ मध्ये काँग्रेसला तशी विनंती केली आहे.

पैजेचं म्हणाल तर मेहुण्यांचं वाक्य पुन्हा आठवा. ‘खटला चालवता येत नाही’ असं आजवर एकाही कोर्टाने म्हटलेलं नाही. उलट हा मुद्दा ज्या एका खटल्यात कोर्टापुढे गेला, त्यात आरोपी हरला. पन्नास-पन्नास करा, आणि पुढच्या वेळी पैज लावताना वाक्य कागदावर लिहून घ्या.

प्रश्न : मोंटानात गांजा कायदेशीर आहे. तिथल्या दुकानातून पावतीसह घेतलेल्या गमीज (गांजा घातलेल्या चघळायच्या गोळ्या) पार्कात चालतील का?
– नाव छापू नये

उत्तर : नाही. पार्काच्या मोंटाना भागातही नाही. दुकानाची पावती राज्याच्या कायद्याची, पार्कात कायदा केंद्राचा, आणि केंद्राच्या लेखी गांजा आजही बेकायदा. सहा महिने कैद आणि पाच हजार डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो. बंदुकीचं मात्र उलटं : २०१० पासून पार्कात ती बाळगायला त्या त्या राज्याचा कायदा लागू होतो, पण व्हिजिटर सेंटरसारख्या सरकारी इमारतीच्या दारात पाऊल टाकलंत की पुन्हा केंद्राची बंदी. म्हणजे एकाच सहलीत खिशातल्या दोन वस्तूंना दोन वेगळे कायदे. गमीज हॉटेलातच ठेवून जा.