उत्तर: कस्टम्समध्ये अडकलेली व्हॅल्किरी आणि लेबलवरचं 'गिफ्ट'

तुमची पोस्ट काल रात्री वाचली आणि पोटात गोळाच आला. ओसाकाच्या विक्रेत्याकडून घेतलेली जुनी १/५५ मापाची व्हॅल्किरी ('मॅक्रॉस' या जपानी कार्टूनमधलं, रोबो होणारं खेळण्यातलं विमान), सोबत झीटा गंडमचं मास्टर ग्रेड किट (भाग जोडून बनवायचा प्लास्टिकचा रोबो), पार्सल १९ दिवस कस्टम्समध्ये पडून, आणि अगदी शेवटी हळूच लिहिलेलं ते वाक्य: 'विक्रेत्याला लेबलवर गिफ्ट आणि २००० येन लिहायला सांगितलं होतं, त्याने काही प्रॉब्लेम येईल का?' खाली चौघांनी ट्रॅकिंग कुठे बघायचं ते सांगितलंय. पाचव्याने लिहिलंय, 'काही होत नाही, माझं आलं.' त्याचं आलं, आनंद आहे. माझं आलं नाही. म्हणून एवढं लांबण लावतोय.

आधीच सांगतो, मी कस्टम्स एजंट नाही, वकील तर नाहीच. नियम बदलत असतात. खाली जे आहे ते माझ्यावर गुदरलेलं आहे, तेवढ्याच वजनाने घ्या.

मी २०१५ ते २०१८ नोकरीनिमित्त नागोयात होतो. शनिवार उजाडला की ओसूच्या बाजारात, जुन्या खेळण्यांच्या दुकानांत. तिथून पुण्याला घरी पार्सल पाठवायचो तेव्हा टपालाच्या लेबलवर 'गिफ्ट'च्या चौकटीत खूण करायचो, आणि ते खरोखरच गिफ्ट असायचं. भाच्याला एखादं किट, आईला चहाचे कप. सगळं बिनबोभाट पोचायचं. तेव्हा डोक्यात पक्कं बसलं की गिफ्ट म्हटलं की सुटतं.

हीच ती माझी घोडचूक. परत आल्यावर मी बातम्या वाचणं सोडलं होतं बहुतेक, कारण डिसेंबर २०१९ मध्ये नियम बदलला ते मला कळलंच नाही. त्या दिवसापासून टपालाने किंवा कुरिअरने येणारी वस्तू 'गिफ्ट' म्हणून सोडवून घेणंच बंद झालं. अपवाद दोनच, जीवरक्षक औषधं आणि राखी. व्हॅल्किरी या दोन्हींत बसत नाही (बहिणीने मनगटावर बांधली तरी नाही). म्हणजे ज्या शब्दाने पार्सल सुटेल असं आपल्याला वाटतं, नेमका त्याच शब्दाने ते अडकतं. त्यात फेब्रुवारी २०२० मध्ये खेळण्यांवरची मूळ कस्टम्स ड्युटी २० वरून ६० टक्के झाली, १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांना आयएसआय सक्तीचं झालं, आणि २०२३ च्या बजेटमध्ये ६० चे ७० झाले. मी हे सगळं नंतर, डोकं आपटून घेतल्यावर वाचलं.

माझी ऑर्डर होती फेब्रुवारी २०२१ ची. व्हॅल्किरीच, पण मूळची नव्हे, बांदाई या जपानी खेळणी कंपनीने पुन्हा काढलेली. नवीन मंडळींसाठी थोडक्यात: १९८२ मध्ये मॅक्रॉस टीव्हीवर आलं, तेव्हा व्हीएफ-१ चं (म्हणजे व्हॅल्किरीचंच) १/५५ खेळणं ताकातोकू या कंपनीने काढलं होतं. १९८४ मध्ये ताकातोकू बुडाली, साचे बांदाईकडे गेले. त्याच साच्यातलं खेळणं हॅस्ब्रो या अमेरिकन कंपनीने १९८५ मध्ये लाल-पांढऱ्या रंगात ट्रान्सफॉर्मर्सचा जेटफायर म्हणून विकलं. हा इतिहास इथे उगाच सांगत नाहीये, पुढे तो माझ्याच अंगाशी आला.

किंमत १८,५०० येन. विक्रेता भला माणूस. त्याने दोनदा विचारलं की खरी किंमत लिहू ना? मीच शहाणपणा करून म्हटलं, गिफ्ट लिहा, २००० येन लिहा. माझ्या आग्रहाखातर त्याने लिहिलं. पार्सल आठवड्यात भारतात पोचलं आणि तिथेच बसलं. मग घरी एक पत्र आलं, तारीख आठ दिवसांपूर्वीची, आणि उत्तर द्यायला मुदत पंधरा दिवसांची. म्हणजे निम्मी मुदत पोस्टातच संपलेली.

त्या कार्यालयाचं नाव आणि गाव लिहीत नाही. पुण्याहून पहाटेची गाडी पकडून जावं लागायचं एवढंच सांगतो. तीनदा गेलो. पहिल्या वेळी सांगितलं, आधार, पॅन आणि बिल आणा. मी म्हटलं, आणखी काही लागेल का, एकदाच सांगा, लांबून येतो. उत्तर आलं, 'तुम्ही आधी हे आणा, मग बघू.' दुसऱ्या वेळी खिडकीवर दुसरेच साहेब. त्यांनी माझं बिल हातात घेतलं, पार्सलवरच्या लेबलची प्रत शेजारी ठेवली, आणि पेनाने आधी १८,५०० वर टिचकी मारली, मग २००० वर. बोलले काहीच नाहीत. पेन परत १८,५०० वर नेऊन ठेवलं आणि माझ्याकडे बघत राहिले.

त्या क्षणी मला कळलं मी काय करून ठेवलंय ते. खरं बिल दाखवावं तर लेबल खोटं ठरतं. लेबल खरं म्हणावं तर हे बिल कुठलं? गिफ्ट म्हणावं तर गिफ्टला परवानगीच नाही, विकत घेतलं म्हणावं तर मग गिफ्ट का लिहिलं? ड्युटी भरायला मी तयार होतो हो, खिशात पैसे घेऊन गेलो होतो! पण कशावर भरणार? चार पैसे वाचवायच्या नादात मी स्वतःच्या हाताने सगळे दरवाजे बंद करून बसलो होतो.

तिसऱ्या वेळी तिसरे साहेब. त्यांनी मोबाइलवर शोधलं आणि माझ्यासमोर धरला: लाल-पांढरा जेटफायर, सीलबंद, अमेरिकेतल्या कुठल्याशा लिलावातला, किंमत माझ्या वस्तूच्या कित्येक पट. 'हेच ना?' मी सांगायला लागलो की साचा तोच पण हे नंतरचं उत्पादन आहे, ताकातोकू, बांदाई, हॅस्ब्रो... त्यांच्या चेहऱ्यावर जांभई. मग म्हणाले, 'खेळणं आहे ना? मग आयएसआय मार्क कुठे?' मी म्हटलं, खेळणं नाही, मोठ्यांनी संग्रहात ठेवायची वस्तू आहे. 'मग बिलावर टॉय का लिहिलंय?' लिहिलं होतं खरं. विक्रेत्याने प्रामाणिकपणे टॉय लिहिलं होतं, कारण ते टॉयच आहे.

राग येतो तो या गोष्टीचा, की तीन माणसांनी तीन वेगळी कागदपत्रं तीन वेगळ्या दिवशी मागितली. पहिल्याच दिवशी कुणी म्हणालं असतं की तुमचं पार्सल या कारणाने सुटणार नाही, परत पाठवतो, तर माझे दोन दिवस, दोन रजा आणि वरचा मनस्ताप वाचला असता. चूक माझी होती, मान्य. पण चूक कळल्यावर ती दुरुस्त कशी करायची हे सांगणारी एक खिडकी तिथे नव्हती. बाहेरच्या टपरीवाल्याने मात्र चहा देताना अचूक निदान केलं, 'गिफ्ट लिवलं काय? जातंय परत.'

गेलं परत. जाता-येता खोका चेपला. विक्रेत्याने जाण्याचं आणि परतीचं टपाल कापून उरलेले पैसे दिले, त्याची तक्रार नाही. दोन महिन्यांनी तीच व्हॅल्किरी त्याच्याच यादीत पुन्हा दिसली, वर्णनात एक शब्द वाढलेला: हाको-इतामी. खोका खराब. किंमत ३,००० येनने कमी. तीन दिवसांत कुणीतरी उचललीसुद्धा.

आता तुमचं. १९ दिवस म्हणजे अजून हातचं गेलेलं नाही असं मला वाटतं. पत्र आलं असेल तर त्यावरची मुदत बघा आणि उत्तर लेखी द्या, तोंडी नको. खिडकीवर बोललेलं दुसऱ्या दिवशी कुणालाच आठवत नाही. माझं स्पष्ट मत, सरळ लिहा: वस्तू स्वतःच्या वापरासाठी विकत घेतली, लेबलवर गिफ्ट आणि कमी किंमत माझ्याच सांगण्यावरून पडली, खरं बिल आणि बँकेचं स्टेटमेंट सोबत जोडलंय, ड्युटी आणि दंड जो असेल तो भरायला तयार आहे. याने सुटेलच असं मी म्हणणार नाही. पण विक्रेत्याकडून आता २००० येनचं बिल बनवून घ्या असा सल्ला कुणी इनबॉक्समध्ये देत असेल (देणारे आहेत, मला माहीत आहेत), तर कानाला खडा. एक खोटं निस्तरता येत नाहीये, त्यात दुसरं कशाला?

विक्रेत्याला आजच एक मेल टाका आणि विचारा की पार्सल पोचलं नाही तर काय करायचं, परत आणायचं की सोडून द्यायचं, यावर पाठवताना त्याने कुठे खूण केली आहे. 'सोडून द्या'वर खूण असेल तर व्हॅल्किरी ना तुमची ना त्याची. आणि हो, खोक्यात त्याने प्रेमाने ग्लू किंवा रंगाची बाटली टाकली नाहीये ना? ती ज्वलनशील असते, टपालाने चालत नाही. किटसोबत 'फ्री' म्हणून टाकतात लोक.

पुढच्या वेळचं म्हणाल तर खरी किंमत, खरं वर्णन, बिलाची एक प्रत आत आणि एक बाहेर. ड्युटी धरून परवडत नसेल तर घेऊ नका. कडू वाटेल, पण झीटाचं किट बाहेरून मागवण्यात मला आता अर्थच दिसत नाही. बांदाईची नेहमीची किट्स इथल्या हॉबी शॉप्समध्ये मिळतात, ड्युटी धरली तर फरक फारसा उरत नाही. जपानमधून मागवावं ते फक्त इथे मिळत नाही असं जुनं काही. कुणी ओळखीचं टोकियोतल्या निशी-कासाईहून (तिथे आपली मंडळी बरीच राहतात) सुट्टीला येत असेल तर त्यांच्या सामानातून बिलासकट, मर्यादेत आणणं उत्तम. फक्त त्यांना आधी खोक्याचं माप सांगा. माझ्या मेव्हण्याने एकदा जागा होईना म्हणून खोका फेकून नुसतं खेळणं आणलं होतं. आम्ही आजही त्या विषयावर बोलत नाही.

जुनं घेताना वर्णनातले चार-पाच जपानी शब्द पाठ करा, भाषांतराचं अ‍ॅप तिथे गंडतं. मिकाइफू म्हणजे न उघडलेलं. केप्पिन म्हणजे काहीतरी गहाळ (व्हॅल्किरीत बहुधा गन, मिसाइल किंवा कॉकपिटवरचं झाकण). हियाके म्हणजे उन्हाने पिवळं पडलेलं, आणि फोटोत दिसतं त्याहून ते नेहमी जास्तच असतं. गेंज्योहिन म्हणजे आहे तसं, नंतर बोलायचं नाही. आणि जंक म्हणजे जंक, त्यात रोमँटिक काही नाही.

झीटाच्या किटबद्दल एकच, कारण तुम्ही पॅनल लायनर (खाचांच्या रेघा गडद करणारा पातळ रंग) लावणार असं लिहिलंय. प्रत्येक रनरच्या (किटचे भाग ज्या चौकटीला जोडलेले येतात तिच्या) पट्टीवर प्लास्टिकचा प्रकार छापलेला असतो. एबीएस लिहिलं असेल त्यावर एनॅमलचं लायनर नको, विशेषतः जोडून झाल्यावर तर नकोच. ताणाखालच्या सांध्यात ते द्रव झिरपतं आणि रात्रीतून तडा जातो. आणि झीटा म्हणजे विमान होणारा गंडम, त्याला सगळा ताण सांध्यातच. हौस असेल तर मार्कर वापरा.

आणि व्हॅल्किरी आलीच हातात, तर त्याच संध्याकाळी ट्रान्सफॉर्म करायला बसू नका. ताकातोकूची असेल तर ती चाळिशी ओलांडलेली आहे. एक दिवस खोलीत तशीच राहू द्या. मग दिव्याखाली धरून प्रत्येक सांधा बघा, पांढरट रेघ दिसली तर तिथे ताण बसलेला आहे, तो सांधा हलवायचा नाही. आधी पाय खाली घ्या. फायटर असताना जी इंजिनं दिसतात तेच पाय, अर्धं विमान अर्धा रोबो असं गर्वॉक तिथेच तयार होतं. माझं ऐकाल तर पहिल्या दिवशी तिथेच थांबा. विक्रेत्याचा बबल रॅप मात्र काढून टाका. पावसाळाभर गुंडाळून ठेवलंत तर प्लास्टिकवर त्याचे गोल गोल वळ उठतात आणि ते जात नाहीत.

पत्र आलं असेल तर नंबर झाकून फोटो टाका इथे, मजकूर बघून सांगतो माझ्या पत्रासारखंच आहे का ते.