चढ जाताना आहे की परतताना?

प्रश्न: मार्चमध्ये आम्ही चौघं तीन दिवसांसाठी कॅलिफोर्नियातल्या जोशुआ ट्री नॅशनल पार्कला जातोय. मी, नवरा, १० वर्षांचा मुलगा आणि पुण्याहून आलेले माझे बाबा. बाबा ६६ वर्षांचे आहेत, अजून दर रविवारी सिंहगड चढतात. दुकानात या पार्कची चार-पाच गाइडबुकं चाळली आणि गोंधळून रिकाम्या हातानं परत आले. नवरा म्हणतो, फोनवर अ‍ॅप आहे, पुस्तक कशाला? बाबा म्हणतात, पुस्तक हवंच. कसं निवडावं?
– एक वाचक, अर्व्हाइन

उत्तर: आधी बाबांना माझा नमस्कार सांगा. माझी सुरुवातही सिंहगडाच्या पायथ्याच्या आतकरवाडीच्या वाटेनंच झाली. म्हणून खात्रीनं सांगतो, जोशुआ ट्रीसारख्या वाळवंटात नवखा माणूस फसतो त्याहून जास्त सिंहगडवाला फसतो.

या देशात आलो त्या पहिल्याच वर्षी मी आणि बायको याच पार्कमधल्या ‘फोर्टीनाइन पाम्स’ या ओअ‍ॅसिसला गेलो होतो. हातात जुन्या बाजारातून एका डॉलरला घेतलेलं गाइडबुक. त्यात लिहिलं होतं: जाऊन-येऊन ३ मैल, चढ ३०० फूट, सोपी वाट. मी हसलोच. ३०० फूट म्हणजे आमच्या गडाची दोन-चार वळणं! मे महिना होता. सकाळी साडेदहाला, दोघांत पाण्याची एक बाटली घेऊन निघालो. वाट आधी एका धारेवर चढते आणि मग पलीकडे ताडांच्या झुबक्यापर्यंत उतरत जाते. तिथं काय सुंदर सावली! तासभर बसलो, बाटली संपवली. उठलो तेव्हा एक वाजला होता, दगड तव्यासारखे तापले होते आणि ती धार आता समोर उभी होती. निम्म्या चढावर बायको एका खडकाच्या हातभर सावलीत बसली ती उठेना. मागून आलेल्या एका म्हाताऱ्या जोडप्यानं त्यांची बाटली दिली म्हणून गाडीपर्यंत पोचलो. बायको अजूनही कुठल्याही गोष्टीला ‘सोपी वाट’ म्हटलं की माझ्याकडे बघते.

पुस्तकात खोटं काहीच नव्हतं. ३ मैलही खरे, ३०० फूटही खरे. पण चढ कधी लागणार हे त्यात नव्हतं. आपला गड आधी चढायचा असतो. दम लागला तर अर्ध्यातून उतरायचं, उतार घरी आणून सोडतो. ओअ‍ॅसिस दरीत असतं. जाताना पाय आपोआप पडतात आणि सगळा हिशेब परतीला, भर दुपारी, रिकाम्या बाटलीनिशी चुकवावा लागतो. म्हणून दुकानात कुठलंही पुस्तक हातात घ्याल, तेव्हा ‘लॉस्ट पाम्स ओअ‍ॅसिस’चं पान उघडा. कॉटनवुड स्प्रिंगपासून जाऊन-येऊन साडेसात मैलांची ही वाट. परतीला चढ आहे हे लेखकानं पहिल्या चार ओळींत सांगितलंय का, सावली कुठं आहे आणि कुठं अजिबात नाही हे लिहिलंय का, ते बघा. सांगितलं असेल तर तो माणूस ती वाट चाललाय. नुसतं ‘नयनरम्य’ लिहिलं असेल तर पुस्तक परत फळीवर ठेवा.

सह्याद्रीत आपल्याला वाडीत एखादे मामा भेटतात. ‘हे काय, इथंच’ म्हणून दोन तास चालवतात खरे, पण ढोरवाटेला लागलात तर हाक मारून परत बोलावतात. इथं वाडी नाही. वाळूच्या कोरड्या ओढ्यांत, ज्यांना इकडे ‘वॉश’ म्हणतात, पावलांचे ठसे चहूकडे जातात आणि त्यातले निम्मे तुमच्याआधी चुकलेल्यांचे असतात. वॉश कुठं सोडायचा, कुठल्या खुणेपाशी, हे सांगणारं पुस्तक म्हणजे तुमचा वाटाड्या.

बाबांना एक गोष्ट आवर्जून सांगा. नकाशावर त्यांना ‘व्हाइट टँक’, ‘ट्विन टँक्स’ अशी नावं दिसतील आणि गडावरच्या टाक्यांच्या सवयीनं मनात येईल, चला, पाण्याची सोय झाली. इथले टँक गुराख्यांनी जनावरांसाठी पावसाचं पाणी अडवलेले. व्हाइट टँकच्या कॅम्पग्राउंडवर आज नळसुद्धा नाही. पिण्याचं पाणी मिळतं ते पार्कच्या कडेकडेच्या मोजक्या जागी: पश्चिमेचं प्रवेशद्वार, ब्लॅक रॉक, कॉटनवुड अशा. मधल्या भागात थेंब नाही. माणशी दिवसाला किमान १ गॅलन, म्हणजे पावणेचार लिटरच्या वर पाणी, असं पार्कवालेच सांगतात. ज्या पुस्तकात पाण्याच्या जागांची यादी सुरुवातीच्या पानांत नाही, ते घेऊ नका.

आता पुस्तकाचं वय. मुखपृष्ठ नवं कोरं असलं तरी आतला मजकूर जुना असू शकतो. पुनर्मुद्रण वेगळं, सुधारित आवृत्ती वेगळी. ओळखायची माझी एक युक्ती आहे. ‘आर्च रॉक’चं पान काढा. ही वाट व्हाइट टँक कॅम्पग्राउंडमधून सुरू होते, जेमतेम अर्धा मैल, असं लिहिलं असेल तर पुस्तक जुनं. आता गाडी ट्विन टँक्सच्या पार्किंगला लावायची आणि चाल १.४ मैलांची. अर्ध्या मिनिटात निकाल लागतो.

अर्थात काही गोष्टी कुठल्याच पुस्तकाच्या हातात नसतात. त्या फोर्टीनाइन पाम्सचीच वाट गेल्या काही वर्षांत उन्हाळ्यात काही काळ बंद ठेवली गेली, रानमेंढ्यांना पाण्यापर्यंत निर्धास्त येता यावं म्हणून. त्यासाठी निघण्याआधी पार्कची वेबसाइट बघायची.

तुमचा गोंधळ का उडाला असेल त्याचा मला अंदाज आहे. जोशुआ ट्री हे प्रस्तरारोहणाचं मोठं तीर्थक्षेत्र. त्यामुळे त्या फळीवरची निम्मी जाडजूड पुस्तकं दोरवाल्यांची असतात. पानोपानी कड्यांचे फोटो, त्यावर रेघा आणि ५.६, ५.१० असे आकडे. ते मैल नव्हेत, कडा चढायला किती अवघड त्याची श्रेणी! ती पुस्तकं बाजूला काढलीत की तुमच्यापुढे दोन-तीनच उरतील. त्यातलं प्रत्येक वाटेची सुरुवातीची उंची देणारं घ्या. साधारण ३,००० फुटांच्या वरचा पश्चिम भाग मोहावी वाळवंटाचा, तिथंच ती जोशुआची झाडं. खालचा पूर्वेकडचा भाग कोलोरॅडो वाळवंटाचा, बराच अधिक गरम. मार्चमध्ये एकाच दिवशी एकीकडे जाकीट आणि दुसरीकडे टोपी लागते.

अ‍ॅपबद्दल नवऱ्याशी भांडू नका. मीही वापरतो. पण पार्कमध्ये बहुतेक ठिकाणी रेंज नाही, तेव्हा नकाशे घरीच उतरवून घ्या, आणि वर एक न भिजणारा, न फाटणारा छापील नकाशा पिशवीत ठेवा. फोन उन्हानंही बंद पडतो.

बाबांसाठी माझी निवड रायन माउंटन. जाऊन-येऊन ३ मैल, १,०५० फूट चढ, माथा ५,४५७ फुटांवर. सिंहगडाच्या जवळपास निम्मा चढ, आणि मुख्य म्हणजे चढ आधी, उतार परतीला. सावली मात्र नाही, म्हणून उजाडताच सुरू करा. मुलाला हिडन व्हॅलीत सोडा. एक मैलाची गोल वाट आहे, खडकांवर तो इतका चढेल-उतरेल की रात्री जेवतानाच झोपेल.

आणि सामानात एक जाड दातांची फणी टाका. चोया नावाचं एक लडिवाळ दिसणारं निवडुंग आहे, त्याचे गोळे पायाला, बुटाला चिकटतात आणि हातानं काढायला गेलं की हाताला चिकटतात. फणी खालून सारून झटक्यात उडवायचे. बाबांना टक्कल असलं तरी फणी त्यांच्याच खिशात असू द्या. मुलाकडे दिलीत तर ती पहिल्याच खडकाखाली जाईल.