घराण्याचा कागद काढताना

अगं, आशा सेविका म्हणून नवीन आहेस म्हणून सांगते. घराण्यात चालत आलेले आजार लिहायला वही उघडायच्या आधी घरच्यांचा चहा घे. तासगावकडच्या घरात “तुमच्यात कुणाला आजार?” असं थेट विचारलंस की सगळे “नाही” म्हणतात. “लहानपणीच गेलेलं मूल कुणाचं? कुणाला सारखं रक्त चढवावं लागायचं का?” असं विचार. नवरा-बायकोचं आधीचं नातंही विचार, लाजू नकोस. आपल्याकडं मामाची पोरगी करतातच. मग एकाच आजीकडून आलेला तोच दोष दोघांत असायची शक्यता वाढते.

थॅलेसेमियात, म्हणजे आईबापाकडून येणाऱ्या रक्ताच्या आजारात, लोक हमखास चुकतात. दोघं वाहक असले, म्हणजे दोष अंगात पण आजार नाही, तर प्रत्येक गरोदरपणात मूल आजारी निघायचा 25 टक्के धोका. “एक आजारी झालं, आता पुढची तीन चांगली” असा हिशेब नसतो. दर वेळी डाव नव्यानं. वाहक स्वतः धडधाकट असतो, फार तर हिमोग्लोबिन जरा कमी. लोहाच्या गोळ्या महिनोन्‌महिने खाऊनही ते चढेना, तर डॉक्टरांना एचबी ए2 तपासणीचं विचार, त्या रक्ततपासणीत वाहक कळतो. बाई वाहक निघाली की लगेच नवऱ्याचीही करायची. तिथं पुरुष टाळाटाळ करतात, मी तर शेतावर जाऊन बसायचे!

डाऊन सिंड्रोमला, म्हणजे मुलाची वाढ नि बुद्धी जन्मतःच मागं राहते त्याला, मात्र घराणं धुंडाळू नकोस. 21व्या गुणसूत्राची जादा प्रत बहुतेक वेळा बीज तयार होताना चुकून येते. हे सासूसमोरच सांग, बोल सुनेलाच लागतो.