‘घरच्यांसाठी केले’ हा बचाव वॉल्टर व्हाइटला लागू पडतो का?

प्रश्न : मेथ हा अमली पदार्थ बनवू लागलेल्या वॉल्टर व्हाइट या शिक्षकाची ‘ब्रेकिंग बॅड’ ही मालिका आम्ही भावंडांनी नुकतीच शेवटपर्यंत पाहिली. थोरल्या भावाचे म्हणणे असे, की वॉल्टरने अखेरीस मुलांची सोय लावली, धंद्यातला साथीदार जेसी याला सोडवले आणि स्वतःचा जीवही गमावला, तेव्हा त्याच्या पापांची फेड झाली. मला हे पटत नाही, पण का पटत नाही ते नीट मांडता येत नाही. आपले मत काय? (एक वाचक, सांगली)

उत्तर : माझा कौल आपल्या बाजूने आहे. या मालिकेचा बासष्टावा आणि अखेरचा भाग २९ सप्टेंबर २०१३ रोजी अमेरिकेत दाखवला गेला, तेव्हा तिथल्या प्रेक्षकांतही हाच वाद रंगला होता. आपल्या भावाने ज्या गोष्टी वॉल्टरच्या जमेला धरल्या आहेत, त्या जरा जवळून पाहायला हव्यात.

आधी पैशांचे पाहू. वॉल्टर आपले जुने भागीदार ग्रेचेन आणि एलियट यांच्या घरात शिरतो, सुमारे ९७ लाख डॉलर त्यांच्यापुढे रचतो आणि मारेकरी पाळतीवर आहेत अशी खोटी धमकी देऊन, ही रक्कम मुलाला अठराव्या वाढदिवशी तुमच्या नावाने द्या, असे बजावतो. एवढी लबाडी कशासाठी, तर आधीच्याच भागात मुलाने फोनवर बापाचे पैसे साफ धुडकावले होते म्हणून. ज्याने नको म्हटले त्याच्याच पदरात फसवून घातलेल्या पैशाला सोय लावणे म्हणावे, असे मला वाटत नाही. जेसीचेही तसेच. त्याला जॅक या गुंडाच्या टोळीच्या हवाली वॉल्टरनेच केले होते, आणि अखेरच्या रात्री तो तिथे गेला तो जेसी आता जॅकचा भागीदार झाला असावा अशा समजुतीने. साखळदंडातला जेसी समोर आल्यावर त्याचे मन फिरले आणि त्याने त्याला स्वतःच्या अंगाखाली घेऊन गोळ्यांपासून वाचवले. तो क्षण खरा आहे, त्याचे श्रेय मी हिरावून घेणार नाही, पण त्या एका क्षणात मागचे सगळे फिटत नाही.

खरा निवाडा मात्र पहिल्याच हंगामात होऊन गेलेला आहे. अल्बुकर्कीतल्या शाळेत रसायनशास्त्र शिकवणारा, पगार पुरत नाही म्हणून गाड्या धुण्याच्या केंद्रावर राबणारा, पन्नाशीत फुप्फुसाच्या कर्करोगाने गाठलेला हा माणूस, बायको गरोदर आणि मुलगा अपंग असताना मेथ बनवू लागतो, तोवर आपली सहानुभूती त्याच्याकडे असते आणि ती रास्तही आहे. पण लवकरच एलियट त्याला नोकरी आणि उत्तम आरोग्य विमा देऊ करतो, ग्रेचेन उपचारांचा सगळा खर्च उचलायला तयार होते, आणि तो दोघांनाही नकार देतो. ज्या कंपनीतला वाटा त्याने एके काळी अवघ्या पाच हजार डॉलरला विकला, तिच्या मालकांचे उपकार घेणे त्याच्या अहंकाराला झेपत नाही. बायकोला मात्र तो सांगतो, की खर्च तेच देत आहेत. त्या दिवसापासून ‘घरच्यांसाठी’ या शब्दाला अर्थ उरत नाही.

आपल्याकडे वाल्या कोळ्याची कथा लहानपणापासून सांगतात. नारदांनी विचारल्यावर तो निदान घरी जाऊन विचारतो तरी, की माझ्या पापात तुम्ही वाटेकरी व्हाल का, आणि नकार ऐकून तिथेच थांबतो. वॉल्टर कधी विचारतच नाही, आणि बायको स्कायलरने न विचारता दिलेला नकार त्याला ऐकू जात नाही. शेवटच्या भेटीत तिच्या लहानशा स्वयंपाकघरात, तेच पालुपद पुन्हा ऐकावे लागणार म्हणून ती वैतागते, तेव्हा तो प्रथमच कबूल करतो, की मी हे माझ्यासाठी केले, मला ते आवडत होते, मला ते चांगले जमत होते. ही कबुली मला मोलाची वाटते. पण कबुली म्हणजे प्रायश्चित्त नव्हे, आणि तोवर तिची किंमत इतरांनी चुकवलेली होती.

प्रश्न : माझ्या मैत्रिणींना वॉल्टरपेक्षा स्कायलरचाच राग येतो. असे का होत असावे? (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर : हा राग इतका पसरला होता, की स्कायलरची भूमिका करणाऱ्या अ‍ॅना गन यांनी ऑगस्ट २०१३ मध्ये ‘न्यू यॉर्क टाइम्स’मध्ये त्यावर लेख लिहिला. कारण मला मांडणीत दिसते. आपण वॉल्टरच्या खांद्यावरून सगळे पाहतो, त्याची गुपिते आपल्याला आधीपासून ठाऊक असतात, आणि मग कुठे होतास असे विचारणारी बायको ही कथेतली अडचण ठरते. तीच कथा स्कायलरच्या जागी बसून पाहावी : नवरा रोज खोटे बोलतो, आणि आपण काहीही केले तरी मुलांनाच झळ बसणार हे तिला कळून चुकलेले असते. ती धुतल्या तांदळासारखी नाही, काळा पैसा पांढरा करण्यात तिचाही हात आहे. पण मुलांना बहिणीच्या घरी पाठवून त्यांना वाचवू पाहणारी ती एकटीच आहे, आणि तिलाच खलनायिका ठरवणे मला अन्यायाचे वाटते.

प्रश्न : वॉल्टर कोणत्या क्षणी हाताबाहेर गेला? आमच्या कट्ट्यावर निम्मे जण जेसीची प्रेयसी जेन हिच्या मृत्यूकडे बोट दाखवतात, निम्मे जेसीच्या पुढच्या मैत्रिणीचा लहानगा मुलगा ब्रॉक याच्यावरच्या विषप्रयोगाकडे. (एक वाचक, नाशिक)

उत्तर : जेनचा गुदमरून मृत्यू होताना वॉल्टर आधी तिच्याकडे धावतो, मग थबकतो, आणि त्याचे डोळे भरून येतात, त्या थबकण्यात अजून माणूस दिसतो. माझ्या लेखी तो हाताबाहेर जातो ते तिसऱ्या हंगामाच्या आरंभी. जेनचे वडील हवाई वाहतूक नियंत्रक असतात, मुलीच्या दुःखात ते कामावर परततात, त्यांच्या चुकीने दोन विमाने हवेत धडकतात आणि १६७ माणसे मरतात. शाळेत जमलेली मुले रडत असताना वॉल्टर ध्वनिक्षेपक हातात घेतो आणि त्यांना समजावतो, की मृतांच्या संख्येने पाहिले तर हा जगातला जेमतेम पन्नासावा विमान अपघात आहे, तेव्हा आपण यातून सावरू. जेनचा जीव कसा गेला हे तिथे फक्त त्यालाच माहीत असते. त्या भाषणानंतर मला त्याची बाजू घेता आली नाही.