दोन्ही पदव्या हव्यात, पण कशासाठी?

"इंजिनिअरिंग घेतलं तर सायन्स सुटेल, सायन्स घेतलं तर नोकरीचं काय?" प्रवेशाच्या दिवसांत सल्ला विचारायला येणाऱ्यांकडून हे इतक्यांदा कानावर येतं, की समोरच्यानं 'मॅडम' म्हटलं तरी पुढचं कळतं. तोडगाही ठरलेला असतो, जोडपदवी, म्हणजे एकाच अभ्यासक्रमात दोन्ही पदव्या. चार आणि तीन अशी सात वर्षं वेगवेगळी घालवण्यापेक्षा, गणित-भौतिकशास्त्रासारखे विषय दोन्हीकडे धरले जात असल्यानं अनेक विद्यापीठांत पाच-साडेपाच वर्षांत काम होतं.

एक मुलगी तर रकाने आखलेली वहीच घेऊन आली.

"दोन्ही केलं की पस्तावायला नको."

"आणि पस्तावलीस तर?"

ती बराच वेळ गप्प. मग म्हणाली, "म्हणजे मला ठरवता येत नाही, असं होईल."

भीतीशी झटापट करण्यापेक्षा तिच्या मुळाशी बसलेला हट्ट शोधावा, या मताची मी. इथला हट्ट होता, 'माझा निर्णय चुकताच कामा नये.' तो सुटेपर्यंत दोन पदव्या घेणं म्हणजे निर्णय पाच वर्षं पुढे ढकलणं. मी तिला सांगितलं, जिथं वेळेचं भान राहत नाही ते फक्त टिपून ठेव.

पुढं एकदा ती आली तीच बोलत. "बॅटरी का तापते ते वाचत बसले होते. मग ती तापू नये म्हणून काय करता येईल, यात रात्र गेली. मॅडम, मला हे अर्ध्यावर सोडायचंच नाहीये!" एकाच प्रश्नाची दोन टोकं तिची तिला सापडली होती. मी सुचवलं नव्हतं, याचं समाधान जरा जास्तच वाटलं.

मग मी तिला पॉल डिरॅक या ब्रिटिश भौतिकशास्त्रज्ञाची गोष्ट सांगितली. 1921 मध्ये ब्रिस्टलला इलेक्ट्रिकल इंजिनिअर झाला, नोकरी मिळेना, म्हणून तिथेच गणित शिकला. 1933 मध्ये भौतिकशास्त्राचं नोबेल. अंदाजी उत्तरांशी जमवून घ्यायला इंजिनिअरिंगनं शिकवलं, असं तो म्हणे.

जोडी मात्र पारखून घ्यावी. मटेरियल्स इंजिनिअरिंग (धातू, प्लॅस्टिकसारख्या पदार्थांचं) आणि केमिस्ट्रीत सामायिक विषय बरेच. सिव्हिल आणि प्राणिशास्त्रात नावापुरते, म्हणजे ओझं जवळजवळ दुप्पट. पहिल्या वर्षीचा एखादा पायाभूत विषय राहिला, तर त्यावर उभे असलेले पुढचे विषय अडतात. इंजिनिअरिंगच्या भागाला व्यावसायिक मान्यता आहे का आणि मधेच एकच पदवी घेऊन बाहेर पडता येतं का, हे प्रवेशाआधी लेखी विचारावं.

तिनं मटेरियल्स-केमिस्ट्री घेतलं. झेपलं नाही तर केमिस्ट्री सोडायची, हेही अर्ज भरतानाच ठरवून टाकलं.