अहवालाची तारीख नव्हे, पाहणीची तारीख मोजा

प्रश्न: न्यू जर्सीतल्या आमच्या मराठी मंडळाने ४ सप्टेंबर २०२४ रोजी, गणपतीच्या तीन दिवस आधी, सभागृह आणि मराठी शाळेसाठी एक जुनी इमारत विकत घेतली. तिथे पूर्वी ड्राय क्लीनिंगचं दुकान होतं. खरेदीआधी आम्ही फेज वन पाहणी, म्हणजे जागेवर प्रदूषण असण्याची शक्यता आहे का याची चौकशी, करून घेतली होती. अहवालावर २० मार्च २०२४ ही तारीख आहे; नंतर बँकेच्या कर्जाला उशीर झाल्याने खरेदी लांबली. आता फरशीखालच्या मातीत पर्क हे ड्राय क्लीनिंगमध्ये वापरलं जाणारं रसायन सापडलंय. सफाईसाठी ईपीएचं, म्हणजे अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेचं, ब्राउनफील्ड (प्रदूषित जुन्या जागांसाठीचं) अनुदान मागायचं ठरवलं, तर सल्लागार म्हणतात, मंडळ अपात्र ठरेल. अहवाल १८० दिवसांच्या आतला असूनही? — मंडळाचे खजिनदार

उत्तर: मंदिरं, गुरुद्वारे, छोटी मंडळं, सगळ्यांची हीच कथा असते. जागा स्वस्तात मिळते, देणग्या गोळा होतात, मुहूर्त ठरतो आणि कागद नीट वाचायचे राहून जातात. मंडळ ५०१ सी ३, म्हणजे करमुक्त ना-नफा संस्था, आहे, जागा मंडळाच्या नावावर आहे, हे सगळं ठीक. पण तुमचा निकाल त्यावर लागणार नाही.

सुपरफंड या केंद्र सरकारच्या प्रदूषण-सफाई कायद्यानुसार घाण कोणी केली हे न बघता जागेच्या आजच्या मालकालाही जबाबदार धरता येतं. ११ जानेवारी २००२ नंतर जागा घेणाऱ्याला यातून सूट आहे, पण त्याने खरेदीआधी नियमाप्रमाणे चौकशी केलेली असली पाहिजे. आणि ज्या जागेसाठी तुम्ही स्वतःच जबाबदार ठरता, तिच्या सफाईला ईपीए तुम्हाला अनुदान देत नाही. म्हणजे सूट गेली की अनुदानही गेलं.

आता ते १८० दिवस. अहवालाच्या मुखपृष्ठावरच्या तारखेपासून ते मोजायचे, असा तुमचा समज आहे आणि तिथेच घात झालाय. नियमात पाच गोष्टी वेगवेगळ्या सांगितल्या आहेत: मालक-भाडेकरूंच्या मुलाखती, जागेवरच्या पर्यावरणविषयक बोजांचा (सफाईच्या खर्चापोटी जागेवर चढवलेल्या हक्कांचा) शोध, सरकारी नोंदींची तपासणी, प्रत्यक्ष पाहणी आणि तज्ज्ञाचं सहीनिशी निवेदन. यातली प्रत्येक गोष्ट मालकी मिळण्याच्या आधीच्या १८० दिवसांत झालेली, किंवा त्या मुदतीत अद्ययावत केलेली हवी. फेज वन कशी करायची हे सांगणाऱ्या ई-१५२७-२१ या मानकात तर प्रत्येक गोष्टीची तारीख अहवालात वेगळी लिहायला सांगितली आहे.

तुम्ही पाठवलेल्या अहवालाच्या आतल्या पानावर ती तारीख आहे: प्रत्यक्ष पाहणी, १३ फेब्रुवारी २०२४. तिथून ४ सप्टेंबरपर्यंत २०४ दिवस होतात. ८ मार्चच्या आधीचं काहीही तुमच्या कामाचं नाही. मुखपृष्ठ मुदतीत बसतं, पाहणी बसत नाही. बँकेच्या कर्जाला उशीर झाला हे मी समजू शकतो. पण त्या उशिरात पाहणी अद्ययावत करून घ्यायला काही आठवडे आणि मूळ अहवालापेक्षा कमी पैसे लागले असते. गणपती नव्या जागेत बसवायच्या घाईत एवढं एक काम कोणी केलं नाही, याचा मला खरंच राग येतो. कारण हे पैसे लोकांनी विश्वासाने दिलेले आहेत.

तरीही आशा सोडू नका. कर्ज देणाऱ्या बँका कधीकधी स्वतःसाठी पाहणी पुन्हा करून घेतात. दुसऱ्यासाठी गोळा केलेली माहितीही, नियमाच्या अटींत बसत असेल तर, वापरता येते. बोजांचा शोध टायटल कंपनीने (मालकीची कागदपत्रं तपासणाऱ्या कंपनीने) क्लोजिंगच्या, म्हणजे खरेदी पक्की होण्याच्या, सुमारास केलेला असण्याची शक्यता आहे. सल्लागार कंपनीच्या ईमेल्स चाळा; उन्हाळ्यात कोणी पुन्हा जागेवर गेलं होतं का, नोंदी पुन्हा काढल्या होत्या का? मात्र पाचही गोष्टी जमल्या पाहिजेत. चार जमल्या तर मी अर्जावर सही करायला सांगणार नाही.

समितीतल्या कोणीतरी सुचवलंय की नवी संस्था काढून जागा तिच्या नावावर करू आणि मग नवी पाहणी करून घेऊ. हे अजिबात करू नका. जबाबदार पक्षाशी संबंध असलेल्या खरेदीदाराला ही सूट मिळत नाही, आणि तीच माणसं दोन्हीकडे असतील तर ईपीएला ते पहिल्याच वाचनात दिसेल.

सूट खरंच गेली असेल, तर गावाच्या किंवा काउंटीच्या कार्यालयात जा. त्यांच्याकडे ईपीएचं तपासणी अनुदान असेल तर त्यातून तुमच्या जागेची पुढची तपासणी होऊ शकते, कारण तिथे जबाबदारी अनुदान घेणाऱ्याची बघतात. प्रत्यक्ष सफाईचे पैसे त्यातून मिळत नाहीत. न्यूयॉर्कला ईपीएचं विभागीय कार्यालय आहे. अर्जाआधी त्यांच्याशी बोलून घ्या.

राज्याचा कायदा वेगळा आहे. न्यू जर्सीच्या स्पिल कायद्याखाली (प्रदूषणाची जबाबदारी ठरवणारा राज्याचा कायदा) निर्दोष खरेदीदार ठरायला राज्याच्या नियमांप्रमाणे प्राथमिक तपासणी लागते. फेज वन अहवाल तिची जागा घेत नाही. ती तुम्ही केली होती असं पत्रात कुठेच दिसत नाही, त्यामुळे त्या बाजूने फार अपेक्षा ठेवू नका.

विकणाऱ्यावर आणि जुन्या दुकानदारावर दावा लावता येईल का? बहुधा हो. खर्चातला वाटा मागणाऱ्या स्पिल कायद्याच्या दाव्याला सहा वर्षांची मुदत लागू नाही, असं राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये मॉरिसटाउन असोसिएट्सच्या खटल्यात ठरवलंय. पण तुमच्या करारात 'आहे त्या स्थितीत' हे कलम आहे का, आणि त्याची भाषा किती रुंद आहे, हे पाहिल्याशिवाय मी खात्री देणार नाही. शिवाय असे दावे वर्षानुवर्षं चालतात. तोवर सफाई थांबवता येणार नाही.

आणि हे या आठवड्यातच करा. पर्कची वाफ फरशीच्या भेगांतून वर येते. तुमच्या फोटोत बालवर्गाची सतरंजी जिथे अंथरली आहे, तिथेच मागच्या भिंतीलगत जुन्या बॉयलरची खोली दिसते, म्हणजे दुकानाचं धुलाईचं काम बहुधा तिथेच चालायचं. हवेची तपासणी होईपर्यंत वर्ग दुसरीकडे हलवा. प्रदूषित जागांच्या सफाईचा परवानाधारक तज्ज्ञ, ज्याला इथे एलएसआरपी म्हणतात, तो नेमा; राज्य सरकारला कळवायची मुदत काय, हे तो पहिल्याच दिवशी सांगेल. घाण कळल्यावर हातपाय न हलवणाऱ्या मालकाची सूट, असली तरी, जाते.

बँकेकडे पाहणीच्या कागदांची मागणी लेखी करा, फोनवर नको. उत्तर आलं की पाचही तारखा एका कागदावर लिहून मला पाठवा. त्याआधी अनुदानाच्या अर्जावर एक डॉलरही खर्च करू नका.