प्रश्नोत्तरे : डेटाबेस बदलताना बदलणारी उत्तरे

प्रश्न : आमच्या पतसंस्थेची सभासद-नोंदणी अनेक वर्षे ओरॅकल या डेटाबेस प्रणालीवर होती. परवान्याचा खर्च वाचावा म्हणून ती पोस्टग्रेस या दुसऱ्या प्रणालीवर आणली आणि ज्या क्वेरी (डेटाबेसकडे माहिती मागणाऱ्या आज्ञा) चालेनात त्या दुरुस्त केल्या. आता मात्र अहवालात काही सभासदांचे पूर्ण नावच कोरे छापले जाते. मूळ टेबलात त्यांचे नाव आणि आडनाव व्यवस्थित आहे. क्वेरी लिहिण्याची एसक्यूएल ही प्रमाणित भाषा असताना असे का व्हावे? – एक वाचक, सांगली

उत्तर : कोऱ्या आलेल्या सभासदांच्या नोंदी उघडून पाहाव्यात, त्यांचे मधले नाव भरलेले नाही असे बहुधा आढळेल. पूर्ण नावासाठी आपण तीन कॉलम दोन उभ्या रेघांच्या चिन्हाने जोडलेले असणार. नल, म्हणजे नोंदच नसलेले मूल्य, अशा जोडणीत आले तर ओरॅकल ते सोडून देते आणि उरलेले नाव छापते. एसक्यूएलच्या प्रमाणाचा, म्हणजे सर्वांसाठी ठरवलेल्या मानकाचा, नियम उलट आहे : जोडणीतला एक भाग नल असेल तर संपूर्ण उत्तर नल. पोस्टग्रेस हा नियम पाळते, म्हणून येथे प्रमाणाला सोडून वागत होती ती आपली जुनी प्रणाली. उपाय सोपा आहे. पोस्टग्रेसमध्ये ‘कॉन्कॅट’ हे फंक्शन वापरावे, ते नल वगळते. मात्र हीच क्वेरी उद्या मायएसक्यूएल या आणखी एका प्रणालीवर नेऊ नये, कारण तेथे याच नावाचे फंक्शन एका नलपायी संपूर्ण उत्तर नल करते. आणि दोन उभ्या रेघांचा अर्थ तर तेथे मूळ मांडणीत ‘किंवा’ असा आहे.

याच मुळाशी दुसरी अडचण आहे, जी आपल्याला अजून दिसली नसावी. ओरॅकल रिकामी स्ट्रिंग (एकही अक्षर नसलेला मजकूर) आणि नल यांत भेद करत नाही, पोस्टग्रेस करते. जुन्या नोंदी नल म्हणून आल्या, पण नव्या अर्जात रिकामा ठेवलेला रकाना रिकामी स्ट्रिंग म्हणून साठवला जात असेल, तर ‘मधले नाव नसलेले सभासद’ शोधणाऱ्या क्वेरीतून नवे सभासद महिन्यागणिक गळत राहतील.

पतसंस्था म्हटल्यावर व्याजाचे गणितही तपासावे, असे आग्रहाने सांगतो. पोस्टग्रेस दोन पूर्णांकांच्या भागाकाराचे उत्तर पूर्णांकातच देते आणि दोन तारखांची वजाबाकीही पूर्णांकच असते. त्यामुळे 90 दिवसांना आधी 365 ने भागून नंतर मुद्दल व दराने गुणले, तर व्याज शून्य येते. ओरॅकलवर तेच सूत्र बरोबर चालत होते. शिवाय ओरॅकलच्या ‘डेट’ प्रकारात वेळही साठते, पोस्टग्रेसच्या ‘डेट’मध्ये केवळ तारीख राहते.

प्रमाणाविषयीच्या आपल्या प्रश्नाचे उत्तर इतिहासात आहे. ही भाषा 1970च्या दशकात आयबीएममध्ये तयार झाली आणि ओरॅकल 1979मध्ये बाजारात आले. अमेरिकेत पहिले प्रमाण ठरले ते 1986मध्ये. तोवर ग्राहकांच्या क्वेरी लिहून झाल्या होत्या आणि त्या मोडण्याची कोणत्याही कंपनीची तयारी नव्हती. पहिल्या दहा ओळी मागण्यासाठी ‘फेच फर्स्ट’ ही प्रमाण रचना 2008मध्ये आली, तेव्हा त्याच कामाचे ‘लिमिट’, ‘टॉप’ आणि ‘रोनम’ हे वेगवेगळ्या प्रणालींतले शब्द रुळलेले होते. अशा फरकांची फारशी काळजी करू नये, कारण चुकीची रचना लगेच एरर देते. निमूटपणे वेगळे उत्तर देणाऱ्या क्वेरी अधिक घातक. म्हणून दोन्ही प्रणालींवर एकच विदा (डेटा) ठेवून जुने आणि नवे अहवाल ओळीस ओळ लावून पाहावेत.

प्रश्न : मायएसक्यूएलच्या जुन्या आवृत्तीवर चालणारी ‘ग्रुप बाय’ची (ओळींचे गट करून बेरीज देणारी) क्वेरी पोस्टग्रेस नाकारते. शहरानुसार एकूण विक्री आणि सोबत ग्राहकाचे नाव हवे आहे. – एक विद्यार्थिनी, पुणे

उत्तर : एका शहरात अनेक ग्राहक असताना कोणाचे नाव छापायचे हे आपण सांगितलेलेच नाही. जुने मायएसक्यूएल त्यांतले कोणतेही एक नाव उचलत असे, 5.7 आवृत्तीपासून तेही अशी क्वेरी सहसा नाकारते. नाव काढून टाका किंवा कोणते हवे ते स्पष्ट लिहा.

प्रश्न : मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेसमध्ये देवनागरी नावे भरली की प्रश्नचिन्हे साठतात. – एक वाचक, नाशिक

उत्तर : कॉलमचा प्रकार ‘व्हारचार’ऐवजी ‘एनव्हारचार’ (सर्व लिप्या साठवू शकणारा) करा, आणि क्वेरीत अवतरणचिन्हाआधी ‘एन’ हे रोमन अक्षर लिहा. दुसरी गोष्ट बहुतेक जण विसरतात. कॉलम योग्य असूनही ‘एन’ नसेल, तर मजकूर आधी डेटाबेसच्या कोडपेजमध्ये (मर्यादित अक्षरांच्या तक्त्यात) बदलला जातो आणि तेथेच अक्षरे हरवतात. साठलेल्या प्रश्नचिन्हांतून मूळ नाव परत मिळत नाही. ती नावे पुन्हा भरावी लागतील. 2019च्या आवृत्तीपासून यूटीएफ-8 (सर्व लिप्या बाइटमध्ये साठवण्याची पद्धत) कोलेशनचा, म्हणजे कॉलमच्या अक्षर-मांडणीचा, पर्यायही आहे.

लांबी ठरवतानाही जपावे. ‘कुलकर्णी’ हे नाव डोळ्यांना चार अक्षरांचे दिसते, पण मात्रा आणि हलन्त धरून युनिकोड या सर्व लिप्यांच्या चिन्हसंचात त्याची आठ चिन्हे होतात आणि यूटीएफ-8 मध्ये ती 24 बाइट घेतात. पोस्टग्रेस आणि मायएसक्यूएल लांबी चिन्हांत मोजतात. ओरॅकल मात्र वेगळे सांगितले नसल्यास बाइटमध्ये मोजते, म्हणून तेथे 20 लांबीच्या कॉलममध्ये हे आडनाव मावत नाही. लांबीपुढे ‘CHAR’ (कॅरॅक्टर, म्हणजे चिन्ह) असे एकक लिहिले की काम होते.